दोन बोटं उगवतीकडे

मुलांनो, डोळे मिटा पाहू. थांबा, डोळे मिटलेत तर पुढचं वाचणार कोण? बरं, उघडेच ठेवा, पण मनातल्या मनात एक मोठ्ठं सभागृह उभं करा. तीन मजली घर आत ठेवलं तरी छताला टेकणार नाही, इतकं उंच. खिडक्यांवर जाड पडदे, दारं बंद. भर दुपारी आत इतका काळोख की आपलाच हात आपल्याला परका वाटावा. आणि छतात एका टोकाला, अंगठ्याच्या नखाएवढं, एकच गोल भोक.

त्या भोकातून उन्हाची तिरीप आत येते. फरशीवर पडते तेव्हा तिचा एक लांबट गोल होतो, लहान ताटलीएवढा. आता त्या ताटलीकडे बघत राहा. हलतेय का? नाही म्हणू नका, नीट बघा. हलतेय! सूर्य उगवतीकडे असतो तेव्हा ताटली मावळतीच्या भिंतीजवळ असते, आणि सूर्य मावळतीकडे झुकला की ही बया उगवतीच्या भिंतीकडे निघते. ती नुसता उजेड नव्हे, सूर्याचं चित्र आहे. सूर्य आभाळात चालतो आणि त्याचं चित्र फरशीवर उलट्या दिशेनं चालतं. खरं तर चालतो कोण, तो की आपण, हे भांडण मोठं आहे. ते पुन्हा कधीतरी भांडू.

अशा सभागृहात एक मुलगी फरशीवर पालथी पडून, हनुवटी हातांवर टेकवून, त्या ताटलीकडे बघत असायची. तिला घरात आणि गावात सगळे घोरपड म्हणत. दिसायला नव्हे हं, दिसायला चारचौघींसारखीच होती. पण एखाद्या गोष्टीला चिकटली की सुटायचं नाव नाही, म्हणून घोरपड.

तिची आई होती वेधबाई. वेध घेणं म्हणजे आकाशातल्या गोष्टी कधी, कुठे, किती उंच आहेत ते मोजणं. गावाबाहेरच्या टेकडीवर आईची वेधशाळा होती. तिथे एक दगडी जिना होता, तो चढून गेलं की पुढे काहीच नव्हतं, सरळ आभाळ. पाहुणे हसायचे. म्हणायचे, "वेधबाई, गवंडी पळून गेला का अर्ध्यावर?" मग आई त्या जिन्याचा कठडा दाखवायची. कठड्याची सावली बाजूच्या वाकड्या भिंतीवर पडे आणि भिंतीवर वेळेच्या बारीक खुणा होत्या.

"एवढं मोठं कशाला लागतं गं आई?" घोरपडीनं एकदा विचारलं होतं. "छोटं केलं असतं तर घरात ठेवता आलं असतं."

"छोट्या यंत्रात चूकही छोटी दिसते, बाळा. इतकी छोटी की दिसतच नाही. यंत्र मोठं केलं की चूक मोठी दिसते. लोक डोंगराएवढी यंत्रं का बांधतात? चुकीला लपायला जागा राहू नये म्हणून."

आता त्या गावाची पंचाईत सांगतो. गावात घंटा पुष्कळ होत्या, पण मध्यान्हीबद्दल एकीचं दुसरीशी पटत नसे. बाजाराची घंटा वाजली की दुकानं उघडत. नाववाल्याची वाजली की नाव सुटे. बाजारवाला म्हणे दुपार झाली, नाववाला म्हणे अजून व्हायचीय, आणि मधल्या मधे माणसांची नाव चुके. शाळेची मध्यान्ह तर रोजच उशिरा व्हायची. त्यामागे मास्तरांचा हात आहे याबद्दल मुलांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

तेव्हा वेधबाईंनी नगरप्रमुखांना सांगितलं, "ते रिकामं सभागृह मला द्या. छतात एक भोक पाडीन, फरशीवर दक्षिण-उत्तर अशी पितळेची एक सरळ रेषा बसवीन. सूर्याची ताटली त्या रेषेवर आली की मध्यान्ह झाली. मग गावातल्या सगळ्या घंटांना एकच मालक. आणि वर्षभरात ताटली रेषेवर कुठे कुठे पडते ते बघून वर्ष केवढं असतं तेही मोजता येईल." जुन्या काळी, चांगली घड्याळं यायच्या आधी, जगात खरोखरच माणसांनी उंच उंच इमारतींत अशा मध्यान्हरेषा बसवल्या होत्या, बरं का.

पण त्या सभागृहावर आणखी एकाचा डोळा होता. धान्याचा मोठा व्यापारी, सगळे त्याला पोतेशेठ म्हणत. त्याला तिथे कोठार करायचं होतं. नगरप्रमुख दोघांनाही दुखवायला तयार नव्हते. त्यांनी तोडगा काढला. "वेधबाई, वर्षातला सगळ्यात मोठा दिवस येईल त्या दिवशी तुमची रेषा आम्हाला दाखवा. बरोबर निघाली तर सभागृह तुमचं. नाहीतर पोतेशेठचं."

काम सुरू झालं ते वसंतात, दिवस आणि रात्र सारखी असते तेव्हा.

आधी छतातल्या भोकातून ओळंबा सोडला. ओळंबा म्हणजे दोरीला बांधलेलं वजन. ते सारखं झुलायचं, म्हणून आईनं खाली पाण्याची बादली ठेवून वजन पाण्यात बुडवलं. ते शांत झाल्यावर भोकाच्या बरोबर खालच्या जागी फरशीत पितळेचा खिळा ठोकला. मग खिळ्याला दोरी बांधून एक मोठं वर्तुळ काढलं.

"आता बघ," आई घोरपडीला म्हणाली. "सकाळी ताटली या वर्तुळावर येईल तिथे एक खूण. दुपारनंतर सूर्य उतरायला लागला की पलीकडच्या बाजूला पुन्हा याच वर्तुळावर येईल, तिथे दुसरी खूण. सूर्य जेवढा चढला होता तेवढाच उतरला. मग दोन खुणांच्या बरोबर मधून खिळ्यापर्यंत दोरी ताणायची. ती मध्यान्हरेषा."

"एवढंच?" बाबा म्हणाले. ते ओतारी होते, पितळेच्या पट्ट्या तेच ओतणार होते. "मग इतकी वर्षं काय करत होतीस गं?"

"तुमची भट्टी पेटायची वाट बघत होते."

दोरी ताणली गेली. खिळ्यापासून निघून उत्तरेच्या भिंतीपर्यंत. उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर असतो म्हणून ताटली खिळ्याच्या जवळ पडते. हिवाळ्यात सूर्य खाली असतो म्हणून ती दूर, उत्तरेच्या भिंतीपाशी जाते. म्हणून रेषा इतकी लांब हवी. दोरीखाली पाथरवटानं पितळ बसवायला खाच खणायला घेतली. काळा, चिवट दगड. छिन्नी मारली की ठिणगी उडे आणि दगड नाक मुरडल्यासारखा जरासाच सरके. सगळा उन्हाळा त्याचा ठक् ठक् आवाज सभागृहात घुमत होता. खाच पूर्ण झाली तेव्हा तिची कड अशी सरळ होती की बाबांनी कौतुकानं तिच्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "पाथरवटभाऊ, हिच्यात पितळ घालायचं म्हणजे आता माझ्या पट्ट्यांना लाज वाटेल."

सगळ्यात मोठा दिवस तोंडावर आला होता, तेव्हाची गोष्ट. घोरपडीच्या मनात एक गोष्ट सलत होती. वसंतात तिला फक्त दोरीचं टोक धरायला मिळालं होतं. आपण एकटीनं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, रेषा काढून बघावी असं तिला वाटत होतं. आईनं परवानगी दिली. "काढ की. पण फरशी पुसून ठेवायची."

तिनं खडूनं वर्तुळ काढलं. सकाळी खूण केली. दुपारी जेवायला घरी गेली आणि धावत परत आली. दुसरी खूण केली. मधला बिंदू काढला, खिळ्यापासून दोरी ताणली आणि थेट उत्तरेच्या भिंतीपर्यंत गेली.

दोरी खाचेवर नव्हती.

खिळ्यापाशी दोन्ही एकत्र होत्या. पुढे जाता जाता हळूहळू वेगळ्या झाल्या, आणि भिंतीशी पोचेपर्यंत खाच दोन बोटं उगवतीकडे कललेली दिसत होती.

घोरपडीला आधी वाटलं, आपलंच चुकलं. कोणालाही तेच वाटलं असतं. आई वेधबाई, आणि आपण खडूवाली! तिनं सगळं पुसलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा केलं. वर्तुळ थोडं मोठं घेतलं. पुन्हा दोन बोटं, पुन्हा उगवतीकडेच.

पाथरवट कोपऱ्यात फरशा घासत होता. ती त्याच्यापाशी जाऊन उकिडवी बसली.

"काका, दगड हलतो का हो?"

"हलला तर त्याला दगड कोण म्हणेल?"

"म्हणजे खाच सरकली नसेल?"

पाथरवटानं हात थांबवले. तिच्या दोरीकडे पाहिलं, मग खाचेकडे. त्याला कळायला वेळ लागला नाही. "हे बघ पोरी," तो हळू आवाजात म्हणाला, "दोरी तुझ्या आईनं दिली, मी दोरीखाली खणलं. माझी एक छिन्नी झिजून अर्धी झाली. पोतेशेठ रोज दारातून डोकावून जातो. तू आता ही दोरी गुंडाळ आणि घरी जा कशी."

घोरपड दोरी गुंडाळून घरी गेली. वाटभर तिचा हिशेब चालला होता. सांगितलं तर आईनं घेतलेली सगळी मेहनत पाण्यात, सभागृह पोतेशेठच्या घशात. नाही सांगितलं तर... नाही सांगितलं तर काहीच होणार नव्हतं. हीच तर भानगड होती! सगळ्यात मोठ्या दिवशी ताटली खिळ्याजवळ पडते, आणि तिथे दोन्ही रेषा एकच होत्या. कोणालाही काही दिसलं नसतं.

जेवताना तिचा घास हातातच राहिला.

"आज घोरपडीला भिंत सापडली नाही वाटतं," बाबा म्हणाले.

"आई," ती एकदम म्हणाली, "मी रेषा काढली. दोनदा. ती तुझ्या रेषेवर येत नाही."

आई रागावली नाही, हसलीही नाही. तिनं विचारलं, "किती फरक?"

"भिंतीपाशी दोन बोटं."

"तुझी की माझी?"

"तुझी. माझी तीन होतात."

"कुठल्या बाजूला?"

"उगवतीकडे. दोन्ही वेळा."

"दोन्ही वेळा एकाच बाजूला," आई स्वतःशीच म्हणाली. "मग हात थरथरला असं नाही म्हणता येणार." तिनं पाण्याचा पेला खाली ठेवला. "उद्या मी येते. तू खुणा कर, मी बघते. आणि आता जेव."

दुसऱ्या दिवशी आईनं ओळंबा पुन्हा सोडला. खिळा जागेवर होता. छतावर चढून भोकाची पितळी चकती तपासली, ती हलली नव्हती. घोरपडीनं खुणा केल्या. दोरी तिथेच आली जिथे ती आधी आली होती.

छतावर जायला भिंतीच्या आतून एक गोल जिना होता. चकती पुन्हा एकदा तपासून आई त्या जिन्यावरून उतरत होती आणि घोरपड खालून वर येत होती. मधेच आई थांबली.

"थांब. तिथेच थांब. नाही, थांबू नकोस, चढ. हळूहळू चढत राहा."

घोरपडीला वाटलं आईला ऊन लागलं. पण ती चढत राहिली.

"वसंतात सूर्य काय करत असतो?" आईनं विचारलं.

"रोज थोडा थोडा वर चढत असतो. म्हणून दिवस मोठा होतो."

"रोज. पण रोज म्हणजे कधी? रात्री गुपचूप, सगळे झोपल्यावर, एक उडी मारतो का?"

घोरपड थांबली. "नाही... सारखाच चढत असणार. दिवसासुद्धा."

"दिवसासुद्धा!" आईनं कपाळावर हात मारला. "सकाळची खूण आणि दुपारची खूण यांच्यामधे तो थोडा वर चढलेला असतो. म्हणजे दुपारी जेवढं खाली यायला हवं तेवढं यायला त्याला जरा जास्त वेळ लागतो. तेवढ्यात ताटली उगवतीकडे जास्त सरकते. मी मात्र धरून चालले की सकाळचा सूर्य आणि दुपारचा सूर्य एकाच पायरीवर उभे आहेत. तो जिना चढत होता गं, घोरपडे, आणि मी त्याला उभा समजले!"

"आणि आता?"

"आता तो जिन्याच्या माथ्यावर पोचलाय. वर चढायचं संपलं, उतरायचं सुरू व्हायचंय. या चार दिवसांत तो खरोखर उभा असतो. म्हणून तुझी दोरी खरी."

बाबा पट्ट्या घेऊन आले तेव्हा आईनं त्यांना सगळं सांगितलं. बाबांनी भिंतीपाशी जाऊन आपली बोटं लावून पाहिली.

"एक विचारू का?" ते म्हणाले. "ही दोन बोटं आहेत ती हिवाळ्याच्या टोकाला. तेव्हा मध्यान्ह कितीशी चुकेल?"

"तुम्ही तांब्याभर पाणी प्याल एवढा वेळ."

"मी पाणी भराभर पितो."

"म्हणून म्हणते, फारसा नाहीच."

"मग सभागृह हातात येऊ दे ना आधी. पुढच्या वर्षी गुपचूप दुरुस्त करू. कोणाला कळणार आहे?"

"हिला कळलं की," आई म्हणाली. "दहा वर्षांची पोर खडू घेऊन बसली आणि तिला कळलं. अहो, ही रेषा आपल्यामागे राहणार. कोणीतरी हिच्यावरून वर्ष मोजेल, ग्रहणं मोजेल, आणि त्याचं गणित जुळलं नाही तर तो बिचारा स्वतःलाच मूर्ख समजेल. जशी ही परवा समजत होती."

बाबांनी पट्ट्या भिंतीशी रचून ठेवल्या आणि म्हणाले, "चामड्याचा एक पातळ तुकडा लागेल का तुला?" आई हसली. दोघांचं असंच होतं. तिच्या मनातलं त्यांना अर्ध्या वाटेवर भेटायचं.

सगळ्यात मोठ्या दिवशी सकाळी, लोक यायच्या आधी, ताटली वर्तुळावर आली. आईनं घोरपडीला खूण करायला लावली. बाबांनी चामड्याचा तुकडा ताटलीखाली सरकवला, उजेडाच्या कडेनं रेघ ओढली आणि कात्रीनं नेमका तेवढा लांबट गोल कापला. मग ते चामडं उलटं केलं आणि पलीकडच्या बाजूला, वर्तुळावर ठेवलं. आधी खाचेपासून सकाळच्या खुणेएवढंच अंतर घेऊन त्याच्याभोवती चुन्यानं पांढरी कड काढली. मग घोरपडीच्या दोरीपासून तसंच अंतर घेऊन गेरूनं लाल कड काढली. पांढरा गोल आणि लाल गोल एकमेकांवर चढलेले, पण दोन बोटांनी सरकलेले. दोन्ही रिकामे.

मध्यान्हीला सभागृह भरलं. नगरप्रमुख काठी टेकत आले. पोतेशेठ तर किल्ल्या आताच मिळणार असल्यासारखा पहिल्या रांगेत उभा. पडदे ओढले. ताटली सरकत सरकत खिळ्याजवळ आली, खाचेवर चढली, खाचेनं तिचे बरोबर दोन भाग केले.

"वा!" कोणीतरी ओरडलं. टाळ्या पडल्या. नगरप्रमुखांनी घंटेवाल्याला खूण करायला हात उचलला. बाबांनी मान खाली घातली. घोरपडीनं आईचा पदर घट्ट धरला.

"साहेब, जरा थांबा," आई म्हणाली. "घंटा वाजवा, खिळ्याजवळची ही आजची मध्यान्ह बरोबर आहे. पण ही खाच चुकली आहे. माझ्या हातून."

टाळ्या विझल्या. आईनं सगळं सांगितलं, उत्तरेच्या भिंतीपाशी नेऊन दोन बोटं दाखवली. शब्दांना साखर लावली नाही की मीठ चोळलं नाही.

पोतेशेठला गुदगुल्या झाल्या. "संपलं तर मग! बरोबर निघाली तर हिची, नाहीतर माझी, असं ठरलं होतं. बाई स्वतःच म्हणतात चुकली. साहेब, किल्ल्या."

"तुम्हाला फारच घाई," नगरप्रमुख म्हणाले. "पोती काय पळून चाललीत? वेधबाई, तुमचं म्हणणं काय?"

"ते दोन गोल बघा. दुपारी ताटली याच वर्तुळावर परत येईल. माझी वसंतातली रेषा खरी असेल तर ती पांढऱ्या गोलात बसेल. माझ्या मुलीची दोरी खरी असेल तर लालमधे. मला वाटतं लालमधे बसेल. तसं झालं तर खरी रेषा कुठे आहे हे आज तुमच्यासमोर ठरलं, खाच फक्त पुन्हा खणायची राहील."

"म्हणजे दुपारपर्यंत थांबायचं?" पोतेशेठ किंचाळला. "जेवणाचं काय?"

"मी आजचा दिवस म्हणालो होतो, मध्यान्ह म्हणालो नव्हतो," नगरप्रमुख बाकावर ऐसपैस बसत म्हणाले. "आणि आजचा दिवस म्हणे वर्षात सगळ्यात मोठा. आणा काही खायला असेल ते. इथेच बसतो."

काही माणसं निघून गेली, बरीच थांबली. कोणाच्या शिदोऱ्या सुटल्या. पाथरवट खाचेपाशी एकटाच बसला होता. आई त्याच्याजवळ गेली. "तुमची खाच सरळच आहे, भाऊ. वाकडी दोरी मी दिली."

"ते ठाऊक आहे मला," तो म्हणाला. "पण बाई, परत खणायची म्हणजे उरलेली अर्धी छिन्नीही गेली समजा." मग म्हणाला, "पोरीला मी गप्प बसायला सांगितलं होतं. बरं झालं बसली नाही."

ताटली फरशीवरून निघाली होती. ती वर्तुळाजवळ येऊ लागली तशी बोलणी आपोआप बंद झाली. लोक गुडघ्यांवर बसले. उजेडाची कड दोन्ही गोलांना शिवली. एक क्षण वाटलं पांढऱ्यात चाललीय. पोतेशेठनं श्वास आत ओढला. ताटली आणखी सरकली, वर्तुळानं तिचे दोन सारखे भाग केले, आणि त्याच घडीला उजेड लाल कडेला चहूबाजूंनी भिडला. एखाद्या डबीवर तिचंच झाकण बसावं तसा. पांढऱ्या गोलाची एक चंद्रकोर बाहेर काळोखात राहिली.

कोणी टाळी वाजवली नाही. आधी एक लांब "आऽऽ" असा आवाज आला, आणि मग टाळ्या.

नगरप्रमुख मात्र कपाळाला आठ्या घालून बसले होते. "एक सांगा. हाच खेळ वसंतात केला असता तर ताटली पांढऱ्यात बसली असती ना?"

आईचा चेहरा उजळला. आपण शिकवलेलं समजलं की मास्तरांचा उजळतो तसा. "बरोब्बर बसली असती, साहेब. म्हणूनच मी फसले. चढत्या सूर्याच्या वेळी चुकीची रेषासुद्धा स्वतःला खरी म्हणवून घेते. सूर्य उभा असतो तेव्हाच तिचं पितळ उघडं पडतं."

"आणि पितळ तर अजून बसायचंय!" बाबा म्हणाले, आणि सगळे हसले.

नगरप्रमुख काठीवर भार देऊन उठले. "या छताखाली मी जन्मभर सभा ऐकल्या. 'माझं चुकलं' हे वाक्य आज पहिल्यांदा ऐकलं, आणि तेही टाळ्या चालू असताना. सभागृह वेधबाईंचं. हिवाळा यायच्या आत खाच खणून घ्या. पोतेशेठ, तुम्हाला नदीकाठची जागा बघू."

"तिथे उंदीर आहेत," पोतेशेठ पुटपुटला.

"मग त्यांना पांढरा गोल दाखवा, तुमच्यासारखे तेही त्याच्याकडे बघत बसतील."

लोक पांगू लागले. पाथरवट छिन्नी घेऊन खाचेपाशी आला. "बाई, ही जुनी बुजवून टाकतो. वरून असा घासतो की कोणाला पत्ता लागणार नाही."

"बुजवा," आई म्हणाली, "पण वेगळ्या रंगाच्या दगडानं. दिसू दे. उद्या कोणी शिकायला आलं की विचारेल, ही तिरपी रेघ कसली? मग सांगता येईल, की वसंतात मोजलं तर एवढं चुकतं."

हे बोलणं ऐकत घोरपड उत्तरेच्या भिंतीपाशी उभी होती. ती खाचेकडे बघत होती, मग दोरीकडे, मग पुन्हा खाचेकडे. तिच्या कपाळावर बारीकशी आठी पडली होती. आईनं ती ओळखली.

"आई, सूर्य माथ्यावरून उतरायला लागला की पानं गळायच्या दिवसांत भराभर खाली येतो ना? मग तेव्हा खणली असती तर?"

आईनं कमरेला खोचलेला खडू काढून पुढे केला.

घोरपडीनं तो घेतला, दोरी ओलांडली, मावळतीच्या बाजूला गुडघे टेकून बसली. आईचा हात ओढून घेतला, तिची दोन बोटं दोरीला चिकटवून फरशीवर ठेवली, आणि त्यांच्या पलीकडच्या कडेपासून खिळ्याच्या दिशेनं, अजून कोणीच न केलेल्या चुकीची रेघ काढायला सुरुवात केली.